सूर्यास्ताचं चित्र कॅलेंडरसारखं का होतं?

प्रश्न: ताई, मी हौस म्हणून वॉटरकलर करतो. मागच्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो आणि कल्याण दरवाज्याकडून सूर्यास्त बघितला, समोर राजगड-तोरणा, एकदम भारी. पण घरी मोबाईलच्या फोटोवरून चित्र केलं तर आकाश भडक केशरी न डोंगर काळेकुट्ट, कॅलेंडरवर असतात ना तसे. महागातला कागद घेऊ का?

उत्तर: कागदाने काही होणार नाही हो, म्हणजे ३०० जीएसएमचा, जाड असेल तर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, मारल्यावर फारसा फुगत नाही एवढं खरं, पण घोळ फोटोत आहे. मोबाईल आकाश सांभाळायला जातो आणि डोंगर काळे करून टाकतो, तुम्हाला तिथे उभं असताना तोरणा काळा दिसलाच नसणार, आठवून बघा. मध्ये पंधरा-सतरा किलोमीटर धुरकट हवा आहे आणि उन्हाकडे तोंड करून बघताना ती हवाच उजळते, म्हणून तोरणा फिकट, जवळजवळ आकाशाच्याच रंगाचा, अलीकडची रांग जरा गडद आणि आपल्या पुढ्यातली कड सगळ्यात गडद. हे चढत जाणारे टोन, म्हणजे फिकट-गडदपणाच्या पायऱ्या, पकडा, केशरीच्या मागे नंतर लागा.

पुढच्या वेळी पोस्टकार्डाएवढी वही न एक ४बी पेन्सिल खिशात टाका आणि तिथेच तीन टोनमध्ये पटकन स्केच करा, बाजूला रंग शब्दांत लिहा, 'तोरणा जांभळट राखाडी' वगैरे. आणि प्लीज त्रिकोणी डोंगर काढू नका, सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, माथे सपाट आणि कडे पायऱ्यांसारखे, राजगडाचा बालेकिल्ला तेवढा वर आलेला दिसतो.

रंगवताना आकाशाचा वॉश डोंगरांवरून थेट खालपर्यंत आणा, पिवळा न निळा ओल्यात भिडले की हिरवट होतं म्हणून मध्ये पातळ गुलाबी सोडा, मग पूर्ण वाळू द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण, आणि लांबची रांग भरपूर पाणी घालून आधी लावा. काळी ट्यूब बाजूला ठेवा, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हवा तेवढा गडद रंग मिळतो.

आणि हो, सूर्य बुडाला की सगळे लगेच उतरायला लागतात, तुम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबा, जांभळ्या छटा तेव्हाच दिसतात. फक्त हेडटॉर्च न्या, अंधारात त्या वाटेवर पाय घसरतो.