पहिल्यांदा सूत्रधार होताना
रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या आधारे गोष्ट रंगवण्याच्या खेळात, गोष्ट चालवणारा सूत्रधार म्हणून पहिल्यांदाच बसणार असाल, तर जाडजूड नियमपुस्तक पाठ करण्याच्या फंदात पडू नका. चार खेळाडू, तीन तास आणि एकच ठिकाण पुरेसे आहे. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून गेलेल्या पथकाला २४ लेण्यांपैकी एखाद्या विहारात बंद पडलेले यान सापडले, की नाशिकचा खेळाडू लगेच रमतो. पात्रांचे यश-अपयश फाशांवर ठरते, म्हणून फासे मात्र विचारपूर्वक निवडा. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते, त्यामुळे कसलेला वैमानिकही वारंवार तोंडघशी पडतो. सहा बाजूंच्या दोन साध्या फाशांच्या बेरजेत ७ हा आकडा ३६ पैकी ६ प्रकारांनी येतो, १२ मात्र एकाच प्रकाराने, आणि विज्ञानकथेला मला हेच गणित शोभते. चिवडा नकाशापासून लांब ठेवा. माझ्या पहिल्या नकाशातला आख्खा मंगळ तेलात बुडाला होता.