ग्रीकमधे कपड्यांचं वर्णन करायला सुरुवातीला नेमकं किती व्याकरण लागतं?

तुम्ही लिहिलंय की ॲपवर ग्रीक शिकताय, कपड्यांच्या धड्यापर्यंत बरं चाललं होतं, पण तिथे प्रत्येक शब्दाआधी कधी ओ, कधी ई, कधी तो येतं, रंगाचा शेवट दर वेळी बदलतो आणि "माझ्या बहिणीने पिवळा ड्रेस आणि काळे बूट घातलेत" एवढं साधं वाक्यही जुळत नाहीये. मी अथेन्समधे राहते, रोजचं बोलणं ग्रीकमधेच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्यात आधी एक सांगते, ॲप इंग्लिशमधून शिकवत असलं तरी हा भाग डोक्यात इंग्लिशमधून बसवू नका, मराठीतून बसवा, कारण इंग्लिशवाल्यांना जे पहिल्यापासून शिकावं लागतं ते तुम्ही लहानपणापासून करताय.

पांढरा सदरा, पांढरी ओढणी, पांढरं धोतर. इथे विशेषण वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतं ना, ग्रीकमधे अगदी हेच होतं, आणि तिथेही लिंगं तीनच, नपुंसकलिंगासकट. पांढरी टोपी म्हणजे आस्प्रोस स्कूफोस (थंडीतली लोकरीची टोपी, हा शब्द पुल्लिंगी), पांढरा स्कर्ट म्हणजे आस्प्री फूस्ता (स्त्रीलिंगी), पांढरा शर्ट म्हणजे आस्प्रो पुकामिसो (नपुंसकलिंगी). शेवट ओस, ई, ओ असे. काळा म्हणजे माव्रोस, माव्री, माव्रो, लाल म्हणजे कोकिनोस, कोकिनी, कोकिनो, पिवळा म्हणजे कित्रिनोस, कित्रिनी, कित्रिनो. शेवटाच्या आधी स्वर असेल तर स्त्रीलिंगी रूप ई ऐवजी आ वर संपतं, म्हणून आकाशी स्कर्ट गालाझिया फूस्ता होतो, बाकी सगळं तसंच.

आणि मराठीत जसा लाल कधीच बदलत नाही (लाल सदरा, लाल ओढणी, लाल धोतर) तसे ग्रीकमधेही काही रंग अजिबात बदलत नाहीत, फक्त ते वेगळे आहेत. निळ्यासाठी ब्ले, गुलाबीसाठी रोझ, राखाडीसाठी ग्री, चॉकलेटीसाठी काफे, शिवाय बेझ आणि मोव्ह म्हणजे जांभळा. हे बाहेरून आलेले शब्द आहेत, कुठल्याही लिंगाला, कुठल्याही वचनाला तसेच लावा. ब्ले फूस्ता, ब्ले पुकामिसो, ब्ले पापूत्सिया, सगळं बरोबर. सुरुवातीला बोलताना अडखळायला होत असेल तर हे रंग जास्त वापरा, मी हे अगदी मनापासून सांगतेय, त्यामुळे वाक्य पूर्ण होतं आणि बोलायची भीती जाते.

फक्त मराठीतलं लिंग तिकडे उचलून नेऊ नका, तिथे गडबड होते. आपला शर्ट तो, पण पुकामिसो नपुंसकलिंगी. आपला मोजा तो, पण काल्ट्सा स्त्रीलिंगी. पट्टा तो, झोनी स्त्रीलिंगी. टोपी ती, पण कापेलो म्हणजे हॅट नपुंसकलिंगी. त्यात भर म्हणजे ग्रीकमधला तो हा नपुंसकलिंगी शब्दांच्या आधी येतो, पुल्लिंगी शब्दांच्या आधी ओ आणि स्त्रीलिंगी शब्दांच्या आधी ई, त्यामुळे तो ऐकलं की मराठी डोकं आपोआप पुल्लिंगाकडे पळतं. यावर उपाय एकच, शब्द कधी एकटा पाठ करायचा नाही, ई फूस्ता, तो पुकामिसो, ओ स्कूफोस असाच तोंडात बसवायचा. रोजच्या कपड्यांमधे नपुंसकलिंगी शब्द भरपूर आहेत, पान्देलोनी म्हणजे पँट, साकाकी म्हणजे कोट, फोरेमा म्हणजे ड्रेस, पाल्तो म्हणजे ओव्हरकोट, आणि बाहेरून आलेले त्झिन (जीन्स), बुफान (जॅकेट), पुलोवेर (स्वेटर), कास्कोल (मफलर) हेही सगळे तो वालेच, शिवाय हे चार अनेकवचनातही तसेच राहतात. पुल्लिंगी कपडे खूपच कमी.

अनेकवचन पटकन सांगते. ओ वर संपणारा नपुंसकलिंगी शब्द आ वर जातो, पुकामिसो चं पुकामिसा. ई वर संपणाऱ्याला पुढे आ लागतो, पापूत्सी म्हणजे एक बूट, पापूत्सिया म्हणजे बूट. मा वर संपणाऱ्याचं माता होतं, फोरेमा, फोरेमाता. स्त्रीलिंगी शब्द एस वर जातात, फूस्तेस, काल्ट्सेस. रंगही सोबत बदलतो, म्हणून माव्रा पापूत्सिया, माव्रेस काल्ट्सेस.

आता क्रियापद. घालणं म्हणजे फोराओ, आणि ते असं चालतं: फोराओ (मी), फोरास (तू), फोराई (तो, ती, ते), फोरामे (आम्ही), फोराते (तुम्ही), फोराने (ते सगळे). घालतो, घालते असा बाई-पुरुष फरक इथे नाही, त्यामुळे हा भाग मराठीपेक्षा सोपा. शर्ट, चष्मा, घड्याळ, अगदी सेंटसुद्धा फोराओ. पण मराठी माणूस हमखास कुठे घसरतो ते बघा. आपण म्हणतो "आज निळा शर्ट घातलाय", म्हणजे झालेली क्रिया, म्हणून ग्रीक बोलतानाही हात भूतकाळाकडे जातो आणि तोंडातून फोरेसा निघतं. फोरेसा म्हणजे घातला होता, घातला. अंगावर आत्ता जे आहे त्याला ग्रीकमधे साधा वर्तमानकाळच लागतो. ती फोरास? म्हणजे काय घातलंयस? फोराओ एना ब्ले पुकामिसो, म्हणजे निळा शर्ट घातलाय. रोज घालतो यालाही फोराओच, संदर्भावरून कळतं.

घातलेली वस्तू ही वाक्यातलं कर्म असते, म्हणून विभक्ती लागते, पण घाबरू नका, कपड्यांच्या बाबतीत ती जवळजवळ दिसतच नाही. नपुंसकलिंगी शब्द होता तसाच राहतो. स्त्रीलिंगी एकवचनात शब्द तोच, फक्त ई च्या जागी ती किंवा तीन येतं (ती फूस्ता, पण तीन काल्ट्सा, पुढचा आवाज क, प, त किंवा स्वर असला की न टिकतो), अनेकवचनात तीस, तीस काल्ट्सेस. खरा बदल पुल्लिंगी एकवचनात, तिथे शेवटचा स गळतो, ओ स्कूफोस चं तोन स्कूफो. "मी काळी टोपी घातलीय" म्हणजे फोराओ एनान माव्रो स्कूफो, रंगाचाही स गेला. सुरुवातीला हे एक वाक्य पक्कं केलंत तरी पुरे.

तर तुमचं वाक्य असं होतं: ई आदेर्फी मु फोराई एना कित्रिनो फोरेमा के माव्रा पापूत्सिया. माझी हा शब्द म्हणजे मु, तो नामाच्या मागे येतो आणि नामाआधी ई राहतोच, तो गाळला की कानाला खटकतं. एना म्हणजे एक, तो फक्त एकवचनात, म्हणून बुटांच्या आधी काहीच नाही. के म्हणजे आणि. "माझा पिवळा ड्रेस" म्हणायचं तर तो कित्रिनो फोरेमा मु, आणि इथे एक गंमत बघण्यासारखी आहे. फोरेमा एकटा असताना जोर फो वर असतो, मु मागे लागला की मा वरही दुसरा जोर येतो, लिहितानाही दोन खुणा देतात. तसंच तो पुकामिसो मु, जोर का वरही आणि सो वरही. शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर असलेल्या शब्दांनाच हे होतं, फूस्ता मु ला नाही. जोराची खूण छापलेली असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, चुकीच्या ठिकाणी जोर दिला तर समोरच्याला शब्द कळतच नाही कधीकधी. जुन्या पुस्तकांत अक्षरांवर तऱ्हेतऱ्हेच्या खुणा दिसतील, 1982 मधे त्या काढून एकच ठेवली, म्हणून नवीन पुस्तकच घ्या.

दुकानात जाल तेव्हा मराठी सगळ्यात जास्त कामाला येतं. मला आवडतं म्हणजे मु आरेसी, रचना आपल्यासारखीच, आवडणारी वस्तू कर्ता आणि मी बाजूला. मु आरेसी तो फोरेमा, ड्रेस आवडतो. बूट आवडतात म्हणायचं तर मु आरेसुन ता पापूत्सिया, आवडतो चं आवडतात होतं तसं. इंग्लिशमधून आलेले लोक यावर आठवडे घालवतात, तुम्ही नाही घालवणार. घालून बघू का हे बोरो ना तो दोकिमासो?, स्कर्ट असेल तर तो च्या जागी ती, बूट असतील तर ता. केवढ्याला हे पोसो कानी?, अनेक असतील तर पोसो कानुन? बुटाचा नंबर विचारताना दुकानदार ती नूमेरो फोराते? म्हणतो. आणि लिहिलेलं वाचताना एवढं लक्षात ठेवा की ग्रीकमधलं प्रश्नचिन्ह आपल्या अर्धविरामासारखं दिसतं आणि मोठ्या अक्षरांतल्या पाट्यांवर जोराच्या खुणा नसतात. अथेन्सच्या एर्मू रस्त्यावर सेलच्या दिवसांत काचेवर एक्प्तोसीस लिहिलेलं दिसेल, सेल म्हणजे तोच.

आणि कोणी नवीन कपडे घालून आलं तर ग्रीक लोक मे या म्हणतात, ते नक्की म्हणा, केस कापून आलेल्यालाही म्हणतात. तुम्हाला कोणी म्हटलं तर एफखारिस्तो, म्हणजे धन्यवाद.