भिंत ओली दिसली म्हणून लगेच फरशी फोडू नका

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर): घर जुनं आहे. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून दोन फुटापर्यंत ओल आलीय, रंगाचे पोपडे पडायलेत. एक मिस्त्री म्हणतो सगळी फरशी काढून वॉटरप्रूफिंग करा, दुसरा म्हणतो पाइपच बदला. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, सध्या कुणाचंच नको. नुसतं भिंतीकडं बघून कारण सांगणाऱ्याच्या हातात छिन्नी देऊ नका, खर्च हजारांत जातो आणि ओल तिथंच राहते असं लय घरात बघितलंय.

आधी ओल कधी वाढते ते बघा. टाकीवरनं येणाऱ्या लाइनीत पाणी कायम भरलेलं असतं, त्यामुळं पाइप गळत असेल तर तुम्ही गावाला गेलात तरी ओल कमी होत नाही. आंघोळी झाल्या की वाढत असेल तर संशय फरशीवर नाहीतर न्हाणी ट्रॅपवर, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक असतं त्यावर. आणि फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत बघा, आपल्याकडचा पाऊस बारीक भेग पण सोडत नाही.

आता टेस्ट. ट्रॅपचं भोक फडकं कोंबून पक्कं बंद करा, बाथरूममध्ये बोटभर पाणी साठवा, कडेला पेन्सिलनं खूण करा आणि चार-पाच तास कुणाला आत जाऊ देऊ नका. पाणी खुणेच्या चांगलंच खाली गेलं तर फरशीचे सांधे नाहीतर ट्रॅपच्या भोवतीचं सिमेंट सुटलंय, आणि बऱ्याचदा ते ट्रॅपच्या कडेलाच सुटलेलं असतं, तेवढं खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) भरलं तरी भागतं. पाणी तसंच राहिलं तर फडकं काढून पाच-सहा बादल्या ओता, मग ओल वाढली तर गळती ट्रॅपच्या खालच्या पाइपात.

ओलीजवळ स्विचबोर्ड असेल तर त्या लाइनचा एमसीबी (लाइट बंद करायचा बोर्डातला खटका) आजच बंद करा, हे थांबायचं काम नाही.

प्रश्न (राजारामपुरी): गळती कुठंच दिसत नाही तरी पाण्याचं बिल वाढलंय.

उत्तर: नळाला पाणी आलेलं असताना हौदाचा व्हॉल्व्ह आणि डायरेक्ट नळ (हौदात न जाता थेट पाणी येणारे) सगळे बंद करा. तरी मीटर फिरतोय म्हणजे जमिनीतली लाइन फुटलीय. फिरत नसेल तर फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका, फ्लश न करता वीस मिनिटांनी बघा. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर गेलंय, ते स्वस्तात मिळतं. काळम्मावाडी धरणापासनं पाइपलाइननं एवढ्या लांबनं आणलेलं पाणी असं रात्रंदिवस गुपचूप वाहून जाणं बरोबर नाही.

जमिनीतली लाइन फुटली असेल आणि ती गटारीजवळनं जात असेल तर बिलाचं नंतर बघू. पाणी बंद झालं की लाइनीतलं प्रेशर जातं आणि त्याच भोकातनं गटारीची घाण आत ओढली जाते, कावीळ आणि गॅस्ट्रो असेच घरात येतात. दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच घ्या, विशेषतः नळ आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येत असेल तर ते हौदात अजिबात सोडू नका.