पीओपी नको, पाटई पुसा

प्रश्न : भाऊ, मुलानं पुण्यातलं घर बदललं तेव्हा त्याची ईम्स लाउंज खुर्ची अन् तिचा पाय ठेवायचा चौरंग आमच्याकडे गावी पाठवून दिला. काळं चामडं, अक्रोडी रंगाचं वाकवलेलं प्लायवूड. आमचं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं. बैठक 12 बाय 14 फुटांची. मधे एक खांब, वर सागवानी सर अन् फळ्यांची पाटई, एका बाजूला बंगई म्हणजे झोपाळा, दुसऱ्या बाजूला लग्नातला सोफासेट, खिडकीत कूलर. खुर्ची मधोमध ठेवली, तर चुकून आलेल्या पाहुण्यासारखी दिसते. सूनबाई म्हणते, पीओपीचं छत करा, बंगई काढा, भिंतीला खुर्चीच्याच रंगाचं पॅनल लावा. आमचे हे म्हणतात, "ह्या खुर्चीत बसलं का उठताच येत नाही बावा!" शिवाय दिवाळीनंतर बैठकीत कापूस भरावा लागतो. काय करू?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमच्या ह्यांनी खुर्ची बरोबर ओळखली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकेतल्या नवरा-बायकोनं ती घडवली आणि हर्मन मिलर कंपनीनं 1956 साली बाजारात आणली. ती बुटकी आहे आणि मागे कललेली आहे ती कायमचीच. सरळ होतच नाही. एका घरी नव्या जावयाला मानानं अशा खुर्चीत बसवलेलं मी पाहिलंय. बिचारा पोह्यांच्या दर घासाला पोटाचा व्यायाम करत होता. ही चहापाण्याची खुर्ची नव्हे, दुपारी पाय वर टाकून पडायची आहे. तेव्हा बैठकीचा मध्य तिला देऊ नका.

आता एक करा. तुम्ही स्वतः तिच्यात बसा, मान उशीला टेकवा आणि काय दिसतं ते बघा. समोरची भिंत नाही दिसत, नजर वर जाते. आणि तुमच्या घरात वर काय आहे? सागवान! माझे वडील सुतार, परतवाड्याहून लाकूड आणायचे. तशा रुंद, जुन्या फळ्या आज विकत घ्यायला निघालात तर कळेल सूनबाई काय झाकायला निघाली आहे ते. शिवाय पाटई पीओपीमागे गेली की उधई लागलेली कळणार नाही, आणि कौलातून एक थेंब गळला की पांढऱ्या छतावर पिवळा नकाशा उमटेल. त्या पैशात आधी कौलं फेरून घ्या.

पाटईची जळमटं कोरड्या कुंच्यानं काढा, पिळलेल्या फडक्यानं पुसा, दोन दिवस वाळू द्या. मग जवसाच्या तयार मिळणाऱ्या उकळलेल्या तेलाचा (बॉइल्ड लिनसीड ऑइल) एक पातळ हात. जास्त लावलं तर चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आतून तापून आपोआप पेटतात. बाहेर अंगणात पसरून पूर्ण वाळवा. कापूस भरणाऱ्या घराला हे दोनदा सांगतो.

बंगई राहू द्या, सोफासेट काढा. राग येईल, पण खोलीत अडचण त्याचीच आहे. खुर्ची पावणेतीन फूट रुंद आणि तितकीच खोल. पुढे चौरंग आला की साडेपाच फूट लांबी लागते, शिवाय ती गोल फिरते म्हणून मागे हातभर जागा. खांब उजव्या हाताला येईल अशी ठेवा, ह्यांना उठताना धरायला होईल. पाय देव्हाऱ्याकडे किंवा गजानन महाराजांच्या फोटोकडे होणार नाहीत एवढं बघा. नाहीतर त्या चौरंगावर घरातलं कुणी पाय ठेवणारच नाही. डोक्यावरची ट्यूब पडल्या पडल्या डोळ्यात घुसेल, ती बंगईकडे सरकवा आणि खुर्चीमागे खांद्याच्या उंचीवर पिवळा दिवा द्या. कूलरचा झोत चामड्यावर नको, बुरशी धरते.

पॅनलचं म्हणाल तर सागवानाचा एक तपकिरी, अक्रोडाचा दुसरा, त्यात सनमायकाचा तिसरा आला की तिघंही मळकट दिसतात. मागची भिंत चुन्यानं पांढरी करा, बस. बाजूला एखादं स्टूल आणि त्यावर पाण्याचा पितळी गडवा, म्हणजे लोटा. काचेची फुलदाणी नको. ह्याच ईम्स जोडप्यानं 1958 साली भारत सरकारला एक अहवाल लिहून दिला, त्यात आपल्या लोट्याचं तोंड भरून कौतुक आहे. त्या अहवालाच्या पायावर 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तेव्हा सासूबाईंचा गडवा त्या खुर्चीशेजारी कुठल्याही शोपीसपेक्षा शोभेल.

चामड्याला सुरकुत्या पडल्या म्हणून घाबरू नका. वापरून मऊ झालेल्या बेसबॉलच्या हातमोज्यासारखी ती दिसावी, हेच चार्ल्सच्या मनात होतं. डोक्याच्या तेलाचे डाग मात्र निघत नाहीत, उशीवर धुवट धोतराची घडी टाका. इंटिरियरवाले नाकं मुरडतील, मुरडू द्या.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे हात. आपल्याकडे बैठक भरली की कुणीतरी खुर्चीच्या हातावर टेकतंच. इथे खुर्चीची पाठ आणि बसायचा भाग यांना जोडणारे तेच हात आहेत, आणि पाठीच्या लाकडाला ते रबरी गट्टूंनी धरलेले असतात. रबर जुनं झालं की कडक होतं, आणि मग हातावर बसलेल्या पाहुण्यासकट पाठ निखळते. मुलानं किती वर्षं वापरली ते विचारा. दहा-पंधरा झाली असतील तर ते गट्टू एकदा तपासून घ्या.

कापूस आला की दोघांनी खालच्या पायाशी धरून उचला आणि माजघरात न्या. हाताला धरून अजिबात नाही. वरून जुनी सुती चादर टाका, प्लास्टिक नको, आत घाम धरतं. उंदरांसाठी पिंजरा लावा, कापसाच्या दिवसांत ते चामडंही सोडत नाहीत. भाव येईपर्यंत मग ह्यांची बंगई आहेच, तिच्यातून उठताही येतं.