सोलापूरच्या आधी तीन सामने आहेत

सांगली
रविवार, रात्री

चि. पोरी,

तुझा मेसेज सकाळी उठल्यावर बघितला. पाठवल्याची वेळ रात्री दीडची. सकाळी सहाला मैदानावर हजेरी, दिवसभर कॉलेज, संध्याकाळी पुन्हा सराव, आणि तू दीड वाजेपर्यंत सोलापूर विद्यापीठाच्या खो-खो सामन्याचा व्हिडिओ मागेपुढे करत बसलीस. फोन केला असता तर ‘हो मॅडम, हो मॅडम’ म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहायला बसले. कागद निदान दोनदा वाचशील.

तू विचारलंस, त्यांची ती वेळापूरकडची मुलगी तीन-साडेतीन मिनिटं हाताला लागत नाही, तिला बाद कसं करायचं? सांगते, पण शेवटी. आधी दुसरंच बोलायचं आहे.

पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा कशी असते ते आठव. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, इकडची सगळी विद्यापीठं येतात. आधी बाद फेरी. हरलं की सामान बांधायचं. शेवटी चार संघ उरले की त्यांची आपसांत साखळी होते, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना, आणि तेच चार संघ अखिल भारतीयला जातात. मग अखिल भारतीयचं दार कुठे उघडतं? उपांत्यपूर्व सामन्यात. नावाजलेले संघ ड्रॉमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत टाकलेले असतात, त्यामुळे सोलापूर तुम्हाला भेटलं तर साखळीत भेटेल, म्हणजे दोघांचं पुढचं तिकीट निघाल्यावर. त्याआधी तीन सामने आहेत, आणि त्या तीन संघांबद्दल तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका वर्षी आपल्या शिवाजी विद्यापीठाचा संघ माझ्याकडे होता. शिबिराच्या खोलीत मी भिंतीवर सोलापूरच्या बारा मुलींचा तक्ता लावला होता. कोण तिघींच्या कुठल्या तुकडीत पळायला येते, कोण खांबाजवळ कुठल्या बाजूने सुटते, कोण दमली की काय करते, सगळं. सोलापूरच्या मुली गोल घेऊन पळायच्या, तीन-तीन-दोनच्या गोलात, म्हणजे बसलेल्या आठजणींपैकी तिघी, तिघी आणि दोघींना वळसे घालत. दहा दिवस आम्ही फक्त तो गोल फोडायचा सराव केला. उपांत्यपूर्व सामना पडला अशा संघाशी, ज्याचं नावही आमच्या पोरींना धड माहीत नव्हतं. त्या मुलींना गोल येतच नव्हता. त्या एकेरी साखळी खेळायच्या, बसलेल्या प्रत्येकीच्या मधून नागमोडी, एका लयीत, घाई न करता. दिसायला अगदी शाळकरी खेळ. पण साखळी पळणारी बसलेल्या मुलीच्या इतक्या जवळून जाते की हात शिवशिवतात. खो मिळायच्या आधीच आमच्या पोरी उठायला लागल्या. शिट्टी. फाऊल झाला की आक्रमकाला उलट्या दिशेने जावं लागतं, आणि तेवढ्यात पळणारी दम खाऊन घेते. एका डावात किती शिट्ट्या झाल्या ते मी मोजायचं सोडून दिलं. दोन गुणांनी हरलो. परतीच्या गाडीत एकही पोर बोलली नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा तो तक्ता फाडला. चूक पोरींची नव्हती, तक्ता मी लावला होता.

तेव्हा आता उरलेल्या बारा दिवसांत काय करायचं ते बघ.

तुझा संघ अजून संघ झालेला नाही, हे तुला खटकेल, पण खरं आहे. महिन्यापूर्वी आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात कराडच्या ज्या मुलीला तू सूर मारून बाद केलंस आणि मग तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्यास (मी गॅलरीत होते, दिसलं मला), ती आता तुझ्या शेजारच्या चौकोनात बसते. ती तुझ्याशी कामापुरतंच बोलते असं तूच म्हणालीस. कोल्हापूर, सांगली, सातारा, तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांतून उचललेल्या मुली, आणि शिबिर जेमतेम दहा दिवसांचं. आक्रमणात आठजणी बसलेल्या असतात, एक आड एक तोंड करून. म्हणजे जिला खो द्यायचा तिचा चेहरा खो देणारीला दिसत नाही, पाठ दिसते. पाठीवर हात आणि ‘खो’ एकाच वेळी पडायला हवा. हात आधी आणि आवाज मागून, किंवा आवाज आधी आणि हात हवेत, दोन्हीत घोटाळा. स्पर्शावरून आणि आवाजावरून ‘ही कराडची, हिचा खो थोडा उशिरा येतो’ हे ओळखू आलं पाहिजे.

एक सराव सांगते, मी करून घ्यायचे. आठही जणींनी डोळे मिटून बसायचं. चवड्यावर, गुडघे मोकळे, एक हात जमिनीला टेकलेला. नववीने मागून फिरत कुणालाही खो द्यायचा. मिळाला तिनेच उठायचं. पहिल्या दिवशी तिघी-चौघी चुकीच्या उठतात आणि हसू फुटतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हसू थांबतं. नंतर मी खो देणारीला मुद्दाम हळू आवाजात द्यायला लावायचे, बाहेर राखीव मुलींना आरडाओरडा करायला सांगून. दुसऱ्याच्या मैदानावर गर्दी असते तेव्हा याचा उपयोग होतो. रोज वीस मिनिटं पुरेत. आणि त्या कराडच्या मुलीशी टाळ्यांबद्दल बोलून टाक. सरावानंतर डबा उघडताना बोल, सगळ्यांसमोर नको.

व्हिडिओ बघूच नको असं मी म्हणत नाही. दोनदा बघ, दिवसा, प्रशिक्षकांबरोबर, आणि पळणारीकडे नाही तर त्यांच्या बसलेल्या आठजणींकडे बघ. कोण अर्धी उठून पुन्हा बसते? कुणाचा खो लांबतो? खांबाजवळच्या दोन चौकोनांत त्या कुणाला बसवतात? तुम्ही पळत असाल तेव्हा हे कामाला येईल. शिवाय त्यांची दुसरी तुकडी बघ. पहिल्या तुकडीकडे सगळेच बघतात. तिसरी गडी बाद झाल्यावर पुढच्या तिघी किती झटकन आत येतात ते बघ. दोन खो पडायच्या आत त्या आल्या नाहीत तर पंच बाद देतो, आणि हा बाद पदरात पाडून घेणारे संघ मी पाहिलेत. तुमच्या पोरी बाहेर बाटली तोंडाला लावून उभ्या असतात, हेही पाहिलंय.

आता कागद. हे वाचून तू हसशील. पात्रता फॉर्म, दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं, कॉलेजचं ओळखपत्र, सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी मॅनेजरकडे देण्याआधी तू स्वतः उघडून बघायची. काही वर्षांपूर्वी माझ्या संघातली एक चांगली पळणारी मुलगी नावातल्या एका अक्षरावरून बसवली गेली. दहावीला एक स्पेलिंग, कॉलेजात दुसरं. अठरा तासांचा प्रवास करून ती बाहेर बसून पाणी द्यायचं काम करत होती. तसंच, कुणाची पाळी स्पर्धेच्या दिवसांत येणार असेल तर मॅनेजर बाईंना आधी सांगायचं, लाजायचं नाही. घोटा दुखत असेल तर तेही. मातीवर वाढलेल्या पोरींचे घोटे मॅटवर वेगळे वागतात. मातीत पाय घसरतो, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि वळताना सगळा पीळ घोट्यावर येतो. शिबिरात मॅट मिळत असेल तर निदान शेवटचे चार दिवस त्यावरच खेळा. सूर मारायचा सरावही मॅटवरच, नाहीतर पहिल्या सामन्यात कोपरांची सालटी निघतात आणि दुसऱ्या सामन्यात कुणी सूर मारायला धजत नाही.

तुझ्या मेसेजातलं एक वाक्य मात्र मला आवडलं नाही. ‘सोलापूरशी आपलं जुनं वैर आहे.’ कधीपासूनचं गं? शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याआधी इकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती, आणि पुणे विद्यापीठ १९४९ ला सुरू व्हायच्या आधी मुंबईच्या. सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत आपल्याच विद्यापीठात होता. मी खेळत होते तेव्हा आमच्या संघात सोलापूर जिल्ह्याच्या चौघी होत्या, आणि खरं सांगायचं तर संघ त्यांच्याच जिवावर चालायचा. माझ्या डाव्या बाजूला बसायची ती पंढरपूरची होती. तिचा खो इतका हलका यायचा की उठल्यावर कळायचं. २००४ नंतर तीच समोरच्या बाकावर मॅनेजर म्हणून बसलेली दिसायला लागली, अंगात दुसऱ्या रंगाचा ट्रॅकसूट. पहिल्या वर्षी आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तीन दिवस काढले. फार मूर्खपणा केला. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीच आली आणि म्हणाली, तुझ्या पोरी बैठकीत टाचा टेकवतात. खरंच टेकवत होत्या.

ती वेळापूरची मुलगी आणि तू राज्याच्या शिबिरात एका खोलीत राहिलात. सोलापूर, धाराशिव, पुणे, ठाणे, सगळीकडच्या मुली राष्ट्रीय स्पर्धेला महाराष्ट्राच्या एकाच जर्सीत उतरतात. धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व केलं आणि २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वर्षी मी आमच्या पोरींना पेढे वाटले होते, तेव्हा धाराशिव आपल्या विद्यापीठात येतं का असं कुणी विचारलं नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. तू तो सामना मोबाईलवर बघत ओरडत होतीस ते तुझ्या आईने मला सांगितलंय. तेव्हा त्या मुलीच्या मेसेजला उत्तर दे. घोटा कसा आहे एवढंच विचारलंय ना तिने? तू ते ‘माहिती काढतेय’ असं धरून बसलीस. काढू दे की. तुझा घोटा मॅटवर सगळ्यांनाच दिसणार आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. व्हिडिओ मीही बघितला, दिवसा. ती पायांनी फसवते, म्हणून तिच्या पायांकडे बघायचं नाही. कमरेकडे बघायचं. पाय दोन्हीकडे जातात, कंबर एकदाच वळते. तुझा खांदा मात्र लवकर वळवू नकोस. दिशा घेतलीस की घेतलीस, मग मागे फिरता येत नाही, आणि ती नेमकी त्याची वाट बघत असते. सुरुवातीला ती गोल घेते. दम लागला की उजव्या बाहीने कपाळ पुसते आणि मग साखळीत शिरते. चार वेळा पुसलं, चारही वेळा साखळीत गेली. त्या क्षणी सूर मारायचा मोह होईल, मारू नकोस. लागोपाठ दोन-तीन खो द्या, जवळजवळच्या चौकोनांत, आणि तिला खांबाकडे सरकू द्या. सूर खांबावर. आणखी एक. तिघी आत असतानाच तिच्यामागे लागा. बाकीच्या दोघींना आधी काढलंत तर ती एकटी उरते आणि सगळं मैदान तिचं होतं. हे माझं मत आहे. प्रशिक्षकांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐक, मैदानाबाहेरच्या म्हातारीचं नको.

मंगळवारी संध्याकाळी घरी येऊन जा. नी-कॅपची जोडी काढून ठेवली आहे, आणि भडंगाची दोन पाकिटं. एक तुझ्या संघाला गाडीत खायला. दुसरं सोलापूरच्या मॅनेजर बाईंना द्यायचं, माझ्याकडून म्हणून सांग. पण सामना झाल्यावर दे, आधी नको. आधी दिलंस तर ती तुझ्या बैठकीबद्दल काहीतरी बोलेल आणि तू सामनाभर टाचांचाच विचार करत बसशील.

तुझी,
मॅडम