नकारपत्रावरची तारीख आधी बघा

प्रश्न: सोसायटीबाहेरून माझी कार चोरीला गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी एफआयआर केला, पण विमा कंपनीला कळवायला सव्वा महिना लागला. ‘उशिरा कळवलं’ म्हणून क्लेम नाकारल्याचं पत्र येऊन एकवीस महिने झाले. तेव्हापासून मेल पाठवतोय. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढंच उत्तर येतं. काय करावं? आणि पुढची पॉलिसी कुठल्या कंपनीची घ्यावी?

उत्तर: कंपनीने नाकारण्यासाठी दिलेलं कारण लंगडं आहे. तुमची खरी अडचण ते एकवीस महिने आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. नकारपत्र मिळालं तेव्हा घड्याळ सुरू झालं, आणि नंतर तुम्ही कितीही मेल पाठवलेत तरी ते थांबलेलं नाही. असे प्रश्न दर आठवड्याला येतात आणि प्रत्येकाला वाटतं की कंपनी उत्तर देतेय म्हणजे प्रकरण जिवंत आहे. मुदत टळल्यावर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण ‘आम्ही मेल करत होतो’ हे कारण आयोगाला सहसा पटत नाही.

पहिल्या वर्षात विमा लोकपालांकडे जायला हवं होतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते. आता त्या वाटेला लागून उरलेले आठवडे घालवू नका.

थेट जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती करता येते. अधिकारक्षेत्र आणि फी भरलेल्या प्रीमियमवर ठरते, गाडीच्या आयडीव्हीवर (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर) नाही; प्रीमियम पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. सोबत पॉलिसी, एफआयआर, नकारपत्र, सगळे मेल आणि ‘अ समरी’ जोडा. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा अहवाल कोर्टाने मंजूर केला की ‘अ समरी’ होते. ती अजून काढली नसेल तर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात आजच अर्ज करा. नेमक्या याच कागदापायी चोरीचे क्लेम महिनोन्‌महिने अडतात. मात्र ती मिळेपर्यंत तक्रार अडवून धरू नका, मागाहून दाखल करता येते.

मुद्दा मांडताना जानेवारी 2020 चा गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स हा निकाल पुढे करा. पोलिसांना लगेच कळवलं असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा खरा क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी त्यात ठरवलं. 2022 च्या जैना कन्स्ट्रक्शन प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं.

पूर्ण आयडीव्ही मिळेलच असं नाही. दोन्ही चाव्या तुमच्याकडे आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चावी गाडीतच राहिली असेल तर 75 टक्क्यांवर तोडगा निघू शकतो. व्याज किती द्यायचं ते आयोग ठरवतो. निकालासाठी कायद्यात तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि ही आपल्या आयोगांची लाजिरवाणी गोष्ट आहे.

कुठली कंपनी चांगली, याचं उत्तर जाहिरातीत शोधू नका. प्रत्येक विमा कंपनीच्या संकेतस्थळावर ‘पब्लिक डिस्क्लोजर’ असतं. त्यात एनएल-37 या तक्त्यात क्लेम किती आले, किती नाकारले. एनएल-39 मध्ये ते निकाली काढायला किती महिने लागले. एनएल-45 मध्ये तक्रारींचं काय झालं, हे दिसतं. पहिल्या दोन तक्त्यांत मोटार ओडीचे (स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी) आकडे वेगळे असतात, तेच वाचा, आणि सलग तीन-चार तिमाहींचे आकडे शेजारी ठेवून बघा.