रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी गोळ्या देऊन सोडवता येते का?

तुम्ही लिहिलंय की दादा कित्येक वर्षं रोज पितात, सकाळी हात थरथरतात म्हणून तोंड धुवायच्या आधीच थोडी घेतात आणि आता स्वतःहून सोडतो म्हणाले आहेत. शेजाऱ्याला ज्या गोळ्यांनी गुण आला त्याच मेडिकलमधून आणून सोमवारपासून घरीच सुरू करायचा तुमचा बेत आहे. कृपा करून तो थांबवा. दादांना गोळ्या लागतीलच, पण त्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नका. आणि डॉक्टरांना दाखवेपर्यंत त्यांची दारू एकदम तोडूही नका. हे वाचायला विचित्र वाटेल, पण सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं.

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात परिचारिका आहे. दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीवर मात करायला सतत चढ्या अवस्थेत राहायला शिकतो. दारू तुटली की सुस्ती जाते, पण ती चढी अवस्था तशीच राहते. शेवटच्या घोटानंतर 6 ते 8 तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येणार असेल तर बहुतेक वेळा पहिल्या 48 तासांत येते. आणि दोन-तीन दिवस निभावले, आता सुटलो असं घरच्यांना वाटत असतानाच काहींना भ्रम होतो. डॉक्टर त्याला डी.टी. म्हणतात.

आमच्याकडे आलेला एक गवंडी खाटेवर बसून हवेत विटा रचत होता, मध्येच थांबून ओळंबा लावून बघत होता. मी चिमटीत काहीही न धरता ‘हा दोरा घ्या’ म्हटलं, तर त्यानं तो घेतला आणि बोटाला गुंडाळू लागला. अंग तापलेलं, घामानं चादर भिजलेली. बाहेरची बाधा समजून घरच्यांनी आदल्या दिवशी त्याला देवऋषाकडे नेलं होतं. डी.टी.वर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो, म्हणून तो वाया गेलेला दिवस मला अजून बोचतो.

फिट आणि डी.टी. या दोन गोष्टी टाळण्यासाठी गोळ्या असतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम दारूसारखीच मेंदूला शांत करतात. पहिल्या दिवशी पुरेसा डोस देऊन तो रोज उतरवत साधारण आठवडाभरात बंद करतात. मी आकडा मुद्दाम लिहीत नाही. किती पितात, वय काय, पूर्वी फिट आली होती का, यावर डोस ठरतो. यकृत खराब असेल तर या गोळ्या अंगात साठत जातात, तेव्हा डॉक्टर लोराझेपामकडे वळतात. शेजाऱ्याचं यकृत आणि दादांचं यकृत सारखं नसतं! शिवाय गोळी घेऊन वर दारू प्यायली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. आणि आठवड्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर त्यांचंच व्यसन लागतं.

एक गोष्ट फार वेळा राहून जाते. अशक्तपणा आला म्हणून गावात सरळ ग्लुकोजचं सलाईन लावतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व बऱ्याचदा फार कमी झालेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते: तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मरणशक्ती जाते. ‘बी-1चं इंजेक्शन दिलं का?’ हे विचारायला अजिबात संकोचू नका.

घरी राहून उपचार होऊ शकतात, डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं तर. मग गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, वेळेवर हातानं द्या, रात्री कुणीतरी जवळ झोपा. पण पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला असेल, कावीळ असेल, पोटात पाणी झालेलं असेल, उलट्या थांबत नसतील, तर भरतीच करा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, 108 ला फोन करा.

आणि जेवणात गुपचूप कालवायची पावडर कुणी सुचवली तर हात जोडून नाही म्हणा. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध दारू पूर्ण थांबल्यावर, पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात.

तेव्हा सोमवारी दादांना जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभागात घेऊन जा. रोजची दारू किती, शेवटची कधी घेतली आणि सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे खरं-खरं सांगा. लाजेपोटी कमी सांगितलं तर डोसही कमी पडतो. कुठे जायचं कळत नसेल तर 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत हेल्पलाइनवर विचारा. पुढे पिण्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, त्याबद्दल पहिला आठवडा पार पडल्यावर तिथल्याच डॉक्टरांशी बोला.